पदवीआधीचा हप्ता

इंदूरच्या भंवरकुआ भागात शिकवणीवर्ग, वसतिगृहे आणि टिफिनच्या जाहिरातींनी भिंती भरलेल्या असतात. खरगोन, धार, झाबुआकडची मुले इथे खोल्या घेऊन राहतात. शैक्षणिक कर्जावर बोलायचे तर सुरुवात इथूनच करायला हवी, कारण बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जात शिकवणीवर्गाची फी बसत नाही. म्हणजे बँकेची पायरी चढण्याआधीच घरातले सोने गहाण पडलेले असू शकते.

मग खरे कर्ज. आम्हां कारकुनांना आकडेमोडीची खोड, म्हणून हिशेब मांडतो. चार वर्षांच्या इंजिनिअरिंगसाठी साडेसात लाख, दरवर्षी सारखे उचललेले, व्याज १० टक्के धरू. शिक्षणाचा काळ आणि वर एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच. सरळव्याजानेच ते २,६२,५०० होते. परतफेड सुरू होते ती १०,१२,५०० रुपयांवर. पंधरा वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे १०,९०० रुपये! पहिला पगार पंचवीस हजार असेल तर खोलीभाडे आणि जेवण जाऊन उरते काय? असा मुलगा धंदा काढत नाही, स्पर्धा परीक्षेला थांबत नाही. मिळेल ती पहिली नोकरी धरतो. बाजारात नवे काही उभे राहायचे तर जोखीम घेणारी माणसे लागतात, आणि आपण त्यांना चोविसाव्या वर्षीच बांधून टाकतो.

साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी २००९ पासून केंद्र सरकार या काळातले व्याज भरते खरे, पण तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांचेच. इतिहास किंवा मराठी शिकणाऱ्याने काय करावे? मी स्वतः कला शाखेचा, म्हणून हे जरा जास्त झोंबते, हे कबूल.

इंदूरपासून जवळच महू. १८९१ साली बाबासाहेब आंबेडकर तिथे जन्मले. त्याच वर्षी शिवाजीराव होळकरांनी इंदुरात होळकर कॉलेज सुरू केले. बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर, आणि तीही बिनशर्त नव्हती: परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी. पुढे बडोद्यात राहायला जागासुद्धा मिळेना, ती नोकरी सुटली, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. पण शिकत असताना व्याजाचा आकडा डोक्यावर चढत नव्हता, आणि अर्थशास्त्राला पगार किती, असे कुणी विचारले नव्हते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत तारण नाही, जामीनदार नाही. चांगलेच आहे. पण संस्था मंजुरीच्या वेळी निवडक ८६०, आणि देशात महाविद्यालये चाळीस हजारांच्या वर! चांगल्या संस्थेत पोचलेल्याला तशीही बँक दारात उभे करते. अडतो तो तालुक्याच्या कॉलेजातला.

आमच्या गोव्यात शिक्षण विकास महामंडळ बिनव्याजी कर्ज देते. लहान राज्याला जमते ते मोठ्याला झेपेलच असे नाही. पण ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून धरलेली वाट तरी पाहावी: ठरावीक कमाई झाल्यावरच परतफेड, तीही कमाईच्या प्रमाणात, करासोबत. नोकरी गेली तर हप्ता थांबतो आणि बापाच्या दारात वसुलीचा माणूस येत नाही. आपल्याकडे सगळ्यांची कमाई सरकारला दिसत नाही, ही अडचण खरी. पण पगारदारांची तर दिसते. आमचा कर पगार हाती पडण्याआधीच कापला जातो. तिथून सुरुवात करायला काय हरकत आहे?