मानपानाचे आठवडे

फ्लोरिडातील ओरलँडो शहराच्या परिसरात टाइमशेअर घेतलेली मंडळी एक मागणी वर्षानुवर्षे करीत आली आहेत. आम्ही येथे मालमत्ता घेतली आहे, दरवर्षी येतो, दरवर्षी मेंटेनन्स भरतो. तेव्हा शेजारच्या थीम पार्कांत आम्हाला तिकिटावर सवलत आणि चार सोयी अधिक मिळाव्यात, आम्ही त्यास पात्र आहोत. इंग्रजीत ही सारी मागणी 'डिझर्व' या एका क्रियापदावर तोललेली असते. मराठीत ती मांडू गेले की लगेच पंचाईत होते, कारण आपल्याला निवड करावी लागते. लायकी म्हणायचे, पात्रता म्हणायचे की हक्क? लायकी माणसाच्या गुणांवरून ठरते, पात्रता कोणीतरी आधी केलेल्या नियमांवरून, आणि हक्क कराराने किंवा न्यायाने सिद्ध व्हावा लागतो. टाइमशेअरधारकांची मागणी या तिन्ही शब्दांमधून सोयीनुसार ये-जा करते. हक्काचा पुरावा मागितला की ती लायकीची भाषा बोलते, लायकी विचारली की नियमावली पुढे करते. या मागणीला माझा विरोध आहे. आणि तो मालकांविषयीच्या तुच्छतेतून आलेला नाही, हे पुढे स्पष्ट होईलच.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. एखाद्या रिसॉर्टमधील एक घर वर्षाच्या बावन्न आठवड्यांत विभागून विकायचे, अशी ही मूळ कल्पना. स्वित्झर्लंडमध्ये १९६३ साली 'हापिमाग' ही संस्था निघाली, तेव्हापासून युरोपात हा व्यवहार रुजला. सत्तरच्या दशकात तो अमेरिकेत आला आणि फ्लोरिडाच्या उन्हात फोफावला. पुढे आठवड्यांच्या जागी पॉइंट आले, आपला आठवडा देऊन दुसऱ्या गावचा आठवडा घेण्याची अदलाबदल आली. फ्लोरिडात पुष्कळदा याचे रीतसर खरेदीखत होते, त्याची सरकारदरबारी नोंद होते, आणि वार्षिक मेंटेनन्सच्या बिलात मालमत्ता कराचाही वाटा असतो. कागदोपत्री हा माणूस मालक असतो, यात शंका नाही. पण त्या घराची एक भिंतही तो रंगवू शकत नाही, आणि विकायला निघाला तर त्याला पुष्कळदा गिऱ्हाईक मिळत नाही. अनेक जुन्या करारांत ही मालकी मुदतबंद नसून कायमची असते. म्हणजे मेंटेनन्सही कायमचा, आणि तो दरवर्षी चढत जाणारा.

ही मालकी आपल्याकडच्या कोणत्या जुन्या नात्यासारखी आहे, याचा विचार करताना मला मिरासदार आणि उपरी हे दोन शब्द आठवतात. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, गावच्या मानपानात त्याची जागा ठरलेली. उपरी येतो, कसतो, सारा भरतो, पण गावाच्या निवाड्यात त्याचा शब्द नाही. टाइमशेअरधारकाला विकताना मिरासदारी विकली जाते आणि वागवले जाते उपऱ्यासारखे. सवलतींची मागणी ही या विसंगतीतून निघालेली आहे, हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे तिच्यातला त्रागा कळतो. पोळ्याला कोणाचा बैल पुढे, होळीची पहिली पोळी कोणाची, यावरून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या तंटे चालले. तिथे भांडण पोळीसाठी नव्हते. येथेही दहा टक्क्यांसाठी ते नाही. आपण या गावचे आहोत, हे कोणीतरी चारचौघांत मान्य करावे, एवढीच भूक आहे.

भूक खरी असली, तरी तीमुळे मागणी न्याय्य ठरत नाही. तिचा पहिला आधार फ्लोरिडाच्या रहिवाशांना मिळणाऱ्या सवलतीचा आहे. राज्यातील रहिवाशांना डिस्नेची तिकिटे आणि वार्षिक पास स्वस्तात मिळतात. मग येथेच मालमत्ता असलेल्या आम्हाला का नाही? हा युक्तिवाद एक गोष्ट गृहीत धरतो, ती अशी की रहिवाशाला मिळणारी सवलत हा त्याचा सन्मान आहे. वस्तुतः तो निव्वळ हिशेब आहे. ताम्पाचा किंवा खुद्द ओरलँडोचा माणूस मंगळवारी दुपारी घरी बसू शकतो, समुद्रावर जाऊ शकतो. त्याला गर्दी नसलेल्या दिवशी बोलावून आणायचे, म्हणून दर उतरवलेला. त्यामुळेच त्याच्या स्वस्त पासावर ऐन गर्दीच्या दिवसांत प्रवेशबंदी असते. सवलत ही नेहमी डळमळीत गिऱ्हाइकाला मिळते. टाइमशेअरधारकाने तर पुढच्या कित्येक वर्षांची राहण्याची जागा आगाऊ घेऊन ठेवली आहे. तो येणारच. आपल्या निष्ठेचा दाखला देऊन तो जी सवलत मागतो, ती त्या निष्ठेमुळेच त्याला मिळत नाही. बांधिलकी आणि बांधलेपण यांत भेद आहे, आणि बाजाराला तो भाषेच्या प्राध्यापकांपेक्षा चटकन कळतो.

दुसरा आधार स्थानिक अर्थव्यवस्थेला लावलेल्या हातभाराचा. याविषयी लांबण लावण्याचे कारण नाही. मालक मालमत्ता कर भरतो हे खरे. पण हॉटेलात उतरणारा साधा प्रवासी ऑरेंज काउंटीचा सहा टक्के पर्यटन कर भरतो, आणि आपल्याच आठवड्यात आपल्याच घरी राहणाऱ्या मालकाला तो लागत नाही. हातभाराच्या वजनावर सवलती वाटायच्या ठरवल्या, तर रांगेत मालकांच्या पुढे बरेच लोक उभे राहतील. त्या उद्यानांतून झाडू मारणारे, किसिमीच्या स्वस्त मोटेलांत महिन्यामहिन्याने भाडे भरून राहणारे कामगार त्यांत पहिले.

आता ज्या ठिकाणी मालकांची बाजू सर्वांत बळकट आहे, तेथे येतो. इतरत्र रिसॉर्ट एकाचा आणि उद्यान दुसऱ्याचे असते. दोघांत करार नसेल, तर शेजाऱ्याने ज्याला काही विकले नाही त्याला काही देणेही लागत नाही. डिस्नेची गोष्ट वेगळी. 'डिस्ने व्हेकेशन क्लब' १९९१ साली सुरू झाला, तेव्हा घर विकणारा आणि उद्यान चालवणारा एकच होता. सुरुवातीच्या सदस्यांना मुक्कामाच्या काळात उद्यानांत मोफत प्रवेश होता, आणि तो १९९९ अखेरपर्यंत आहे हे आधी सांगितलेले होते. मुदत संपली, प्रवेश संपला. मला हा सगळ्या कहाणीतला सर्वांत सभ्य भाग वाटतो. जे दिले त्याला तारीख होती. ते किमतीचा भाग होते, मेहेरबानी नव्हती.

त्यानंतर मात्र भाषा बदलली. उपाहारगृहांतील सूट, सदस्यांसाठी राखीव विश्रांतिकक्ष, उद्यान बंद झाल्यावरचे खास मेळावे, राज्याबाहेरच्या इतरांना न मिळणारे वार्षिक पास हे सारे 'आनुषंगिक लाभ' ठरले. ते केव्हाही बदलता येतील, केव्हाही काढून घेता येतील, असे करारात बारीक अक्षरांत असते. विक्रेत्याच्या तोंडी मात्र हेच लाभ सर्वांत ठळक अक्षरांत असतात. मग एप्रिल २०१६ मध्ये नियम आला की जो सदस्यत्व कंपनीकडून न घेता जुन्या मालकाकडून विकत घेईल, त्याला हे लाभ नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये आणखी एक पायरी चढवली गेली: त्यानंतर दुसऱ्या हाताने घेतलेले जुन्या रिसॉर्टांचे पॉइंट नव्या रिसॉर्टांत चालणार नाहीत, आणि त्याच वर्षी डिसेंबरात उघडलेल्या 'रिव्हिएरा'चे असे पॉइंट फक्त तेथेच चालतील. परिणाम असा की एकाच मजल्यावर समोरासमोरच्या दोन घरांत दोन कुटुंबे उतरतात, दर पॉइंटमागे तेवढाच मेंटेनन्स भरतात, आणि एकाला विश्रांतिकक्षाचे दार उघडते, दुसऱ्याला उघडत नाही. एक मूळ धनी, दुसरा दत्तक.

या नियमांवर सदस्य चिडले, आणि त्यांचे चिडणे रास्त होते. पण चिडण्याचे कारण त्यांनी चुकीचे सांगितले. आम्हालाही लाभ द्या, असे ते म्हणाले. म्हणायला हवे होते ते असे की, या नियमाने मूळ मालकाच्या हातातील वस्तूची किंमत उतरवली. तो उद्या विकायला निघेल तेव्हा ती वस्तू त्याने घेतली तशी राहिलेली नसेल. काढून घेता येणारे मानपान हे मालकाच्या गळ्यातील दावे असते. जोवर तुम्ही आमचे, तोवर हे तुमचे. विकून जायला निघालात की जे विकाल त्यात ते नाही. इनामदारी इतक्या कौशल्याने कोणत्याही दरबाराने वापरली नसेल. या सदस्यांनी दुप्पट जोराने लाभ मागणे म्हणजे ते दावे अधिक रेशमी करून मागणे होय.

आणखी एक भेद या चर्चेत हरवतो. पैशाची सवलत आणि रांगेतली सवलत या एक नव्हेत. एखाद्याला जेवण दहा टक्के स्वस्त मिळाले, तर शेजारच्या टेबलावरच्या माणसाचे फारसे बिघडत नाही. पण एखाद्याला अर्धा तास आधी आत सोडले किंवा रांगेत पुढे घेतले, तर ती मिनिटे कोणाच्या तरी दिवसातून कापली जातात; पाळण्यात एका वेळी जेवढी माणसे बसतात तेवढीच बसतात. डिस्नेच्या उद्यानांत १९९९ साली 'फास्टपास' आला, तेव्हा तो तिकीट असलेल्या प्रत्येकाला फुकट होता. ऑक्टोबर २०२१ पासून पुढे जाण्याचे पैसे पडू लागले. डिस्नेच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना अर्धा तास आधी प्रवेश, महागड्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना काही रात्री उशिरापर्यंत मुक्त वावर, अशी उतरंड रचली गेली. १९७१ साली 'मॅजिक किंग्डम' उघडले तेव्हा मोठ्या माणसाचे प्रवेशशुल्क साडेतीन डॉलर होते आणि आतल्या खेळांची कुपने वेगळी. आज सणासुदीला एका दिवसाचे तिकीट दोनशे डॉलरच्या आसपास जाते. इतके पैसे साठवून आयुष्यात एकदाच आलेल्या कुटुंबाच्या पुढे, दरवर्षी येणाऱ्या कुटुंबाला उभे करा, असे म्हणणारी मागणी मला असंस्कृत वाटते. ज्याला पुन्हा येता येणार आहे, त्याने थांबायला काय हरकत आहे?

साहित्याच्या वाचकांना येथे बोद्रियार आठवेल, डिस्नेलँडवरील त्याची ती प्रसिद्ध पाने आठवतील. मला त्यांचा या प्रश्नात फारसा उपयोग दिसत नाही. खोट्या जगाचे खोटेपण उलगडून दाखवले तरी रांगेत उभ्या माणसाचे पाय दुखायचे राहत नाहीत. त्यापेक्षा कोरी डॉक्टरोची २००३ सालची 'डाउन अँड आउट इन द मॅजिक किंग्डम' ही कादंबरी अधिक जवळची. तिच्यातल्या भविष्यात पैसा उरलेला नाही, मरणही उरलेले नाही, आणि डिस्ने वर्ल्ड भक्तांचे गट चालवतात; तरी माणसे तेथेही लोकांच्या नजरेतील पत जमवत आणि गमावत राहतात. मानपानाची हाव पैशाच्या मागे लपलेली नसून पैसा तिच्यामागे लपलेला असतो, असे मला ती वाचून वाटले.

कोणी म्हणेल, इतका खल कशाला? न्यू जर्सीत नोकरी करणारा एखादा मराठी मुलगा पुण्याहून आलेल्या आईवडिलांना आणि नातवंडांना घेऊन आठवडाभर ओरलँडोला जातो, त्याला तिकिटावर चाळीस डॉलर सुटले तर तुमच्या पोटात का दुखावे? दुखत नाही. सुटत असतील तर त्याने जरूर घ्यावेत. पण हेच चाळीस डॉलर त्याला याआधी एकदा कोठे भेटले होते, हे त्याने आठवून पाहावे. इंटरनॅशनल ड्राइव्हच्या कडेला तिकिटांच्या टपऱ्या असतात. तेथे उद्यानाचे तिकीट निम्म्या किमतीत किंवा फुकटही मिळते. अट एवढीच की सकाळी दीड तास बसून आमच्या रिसॉर्टची माहिती ऐकायची. दीड तासाचे तीन तास होतात, मुले कंटाळून रडू लागतात, आणि दुपारी सही होते. फ्लोरिडाच्या टाइमशेअर कायद्यात भेटवस्तू व बक्षिसे दाखवून केलेल्या विक्रीसाठी स्वतंत्र कलमच आहे. गळाला काय लावतात हे कायदेमंडळालाही ठाऊक होते. ज्या आमिषाने माणूस आत आला, तेच आमिष त्याने पुढे आयुष्यभर आपला सन्मान म्हणून मागत राहावे, यातली विटंबना मला अस्वस्थ करते.

आपल्याकडेही हा व्यवहार नवा नाही. स्टर्लिंग १९८६ साली आली, क्लब महिंद्रा १९९६ साली. येथे बहुधा खरेदीखत नसते, ठरावीक वर्षांचे सदस्यत्व असते. त्यामुळे मालकीचा अहंकार कमी, एवढाच काय तो फरक. मोफत सहलीचे कूपन आणि हॉटेलच्या सभागृहातील चहापाणी आपल्या मध्यमवर्गाच्याही परिचयाचे आहे.

टाइमशेअरधारकांच्या संघटित आवाजाला वजन आहे, कारण ते दरवर्षी पैसे भरतात आणि एकत्र येतात. त्या आवाजाने मागायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. विक्रीच्या वेळी तोंडाने सांगितलेला प्रत्येक लाभ तारखेसह करारात लिहावा. लिहिता येत नसेल तर उच्चारू नये. मेंटेनन्स कसा वाढतो याचा हिशेब मालकांना तपासता यावा. आणि नकोसे झालेले खत परत करण्याची वाट असावी, म्हणजे ऐंशी वर्षांच्या विधवेला किंवा तिच्या मुलांना, ज्या समुद्रकिनारी ती आता जाऊ शकत नाही तेथल्या आठवड्याचे बिल भरत बसावे लागणार नाही. फ्लोरिडाच्या कायद्याने खरेदीनंतर व्यवहार रद्द करायला दहा दिवस दिले आहेत. सुट्टीवर आलेले कुटुंब त्यांतले पाच-सहा दिवस उद्यानांतच घालवते, घरी परतून सामान आवरते, आणि कागद नीट वाचायला बसते तेव्हा बहुधा अकरावा दिवस उजाडलेला असतो.