जिवंत वीणेचे श्राद्ध

रुद्रवीणेचे नाव निघाले की आपल्याकडील सुशिक्षित गृहस्थ दीर्घ उसासा टाकतो आणि ‘ती विद्या आता लोपलीच’ असे म्हणून मोकळा होतो. या उसाशाला रसिकता समजण्याची चाल पडली आहे. आमच्या मते ही रसिकता नव्हे. कर्तव्यातून सुटण्याची सोयीस्कर वाट आहे. मेलेल्याच्या स्तुतीला खर्च पडत नाही. जिवंताला पोसावे लागते.

वस्तुतः ही विद्या नव्या मुंबईच्या उंबरठ्यावर, पनवेलजवळ पळस्पे येथे नांदते आहे. उदयपुरास १९२९ साली जन्मलेले उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर यांनी मुंबईस वास्तव्य केले आणि १९९० साली निवर्तण्यापूर्वी पळस्प्यास गुरुकुल उभारले. वीणेचे भोपळे व दांडा त्यांनी मोठे करविले, तारा जाड घेतल्या, मिजराब टाकून उघड्या बोटांनी वादन केले. हेतू एवढाच की, स्वर लवकर विरू नये व आलापातील श्रुतींचे सूक्ष्म भेद कानी यावेत. त्यांचे चिरंजीव बहाउद्दीन यांनी आईजवळ सतारीने आरंभ करून वडिलांकडून वीणा घेतली. २०१२ चा संगीत नाटक अकादमीचा पुरस्कारही त्यांना मिळाला. परंतु पुरस्कार हा मान आहे, शिधा नव्हे.

कोणी म्हणतील, वीणेचा आवाज लहान, आलाप लांब. या धकाधकीत ऐकणार कोण? तीन तासांचा चित्रपट पाहणाऱ्याने वेळेची सबब सांगू नये! आवाज लहान आहे, म्हणून कर्णा मोठा करावयाचा नसतो. दिवाणखाना शांत करावयाचा असतो. सिडकोने या नगरीचे सेक्टर आखले. घरातली शांतता मात्र ज्याची त्यानेच आखावयाची आहे.

खरी कसोटी निराळीच आहे. उद्या आपल्याच मुलीने ‘मी वीणावादनावर चरितार्थ करीन’ असे म्हटले, तर उसासे टाकणारा हाच गृहस्थ तिला प्रथम अडवील. त्याची भीती खोटी नाही. पण ती खरी ठरविणारा तोच आहे. वर्षातून एकदा पन्नास माणसे जमवावी, यथोचित बिदागी द्यावी, ध्वनिक्षेपकावाचून वीणा ऐकावी, एवढे पनवेल-वाशीच्या घराघरांतून घडले तरी त्या मुलीला बापाची समजूत घालावी लागणार नाही. तोवर निदान हे श्राद्ध तरी थांबवा. ज्याचे पिंड पाडता, तो दारात उभा आहे.