विश्लेषण : अमेरिकेतल्या सरकारी शाळेचं ‘रेटिंग’ नेमकं कशाचं असतं?

अमेरिकेत घर घ्यायचं म्हटलं की बजेटनंतर दुसरा प्रश्न येतो तो शाळेचा. न्यू जर्सी असो वा टेक्सास, तिथं स्थायिक झालेली मराठी कुटुंबंही घराच्या जाहिरातीशेजारी दिसणारा दहापैकीचा आकडा बघतात. ९ असेल तर शाळा उत्तम, ३ असेल तर ‘तो भाग नको’. पण हा आकडा शाळेबद्दल किती सांगतो आणि तिथल्या मुलांच्या घरांबद्दल किती?

हे आकडे येतात कुठून?

‘मिडल स्कूल’ म्हणजे साधारण सहावी ते आठवी. ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ या कायद्यावर २००२ मध्ये सही झाली आणि तिसरी ते आठवीच्या मुलांची दरवर्षी वाचन व गणिताची चाचणी घेणं राज्यांना बंधनकारक झालं. २०१५ मध्ये नवा कायदा आला, तरी ही अट कायम राहिली. निकाल वंश, कुटुंबाची आर्थिक स्थिती, अपंगत्व आणि इंग्रजी शिकत असलेली मुलं अशा गटांनुसार वेगवेगळा जाहीर करावा लागतो. सरासरीच्या आड दुबळ्या गटाचं अपयश झाकलं जाऊ नये, हा त्यामागचा हेतू.

मग अडचण काय?

सर्वाधिक चर्चा होते ती ‘प्रवीण’ ठरलेल्या मुलांच्या टक्केवारीची. ती एका दिवशी मूल कुठे उभं आहे ते सांगते, पण ते कुठून निघालं होतं हे सांगत नाही.

समजा, एका शाळेत सहावीत येणारी मुलं तिसरीच्या पातळीचं वाचतात आणि आठवी संपताना सातवीच्या पातळीला पोहोचतात. तीन वर्षांत चार इयत्तांची मजल. दुसऱ्या शाळेत मुलं सहावीच्याच पातळीवर येतात आणि आठवीच्या पातळीवर बाहेर पडतात, म्हणजे दोन इयत्तांची प्रगती. टक्केवारीत मात्र दुसरी शाळा ‘हुशार’ आणि पहिली ‘नापास’ दिसते.

संशोधन काय सांगतं?

१९६६ मधल्या कोलमन अहवालानं मुलांच्या यशातल्या फरकामागे घरची परिस्थिती फार मोठं कारण असल्याचं दाखवून दिलं होतं. अलीकडे स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शॉन रिअर्डन यांच्या गटानं देशभरातल्या तिसरी ते आठवीच्या चाचण्यांचे निकाल एकत्र करून अभ्यासले. सरासरी गुण कुटुंबांच्या आर्थिक-सामाजिक स्थितीशी घट्ट बांधलेले आढळले. मुलं दरवर्षी किती पुढे सरकतात, याचा त्या स्थितीशी संबंध मात्र बराच सैल होता. म्हणजे गरीब वस्तीतही उत्तम शिकवणाऱ्या शाळा आहेत आणि श्रीमंत वस्तीतही जागच्या जागी राहणाऱ्या शाळा आहेत.

गरिबी मोजतात कशी?

वर्षानुवर्षं यासाठी ‘मोफत किंवा सवलतीच्या जेवणास पात्र मुलं’ हा निकष वापरला जातो. कुटुंबाचं उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या १३० टक्क्यांपर्यंत असेल तर जेवण मोफत, १८५ टक्क्यांपर्यंत असेल तर सवलतीत. पण आता अनेक शाळांत सरसकट सगळ्यांनाच मोफत जेवण मिळतं. मुलांच्या पोटासाठी हे चांगलंच, मात्र त्यामुळे हा आकडा गरिबीचं माप म्हणून पूर्वीइतका भरवशाचा राहिलेला नाही.

रेटिंगचा परिणाम काय होतो?

सरकारी शाळांच्या निधीचा मोठा वाटा स्थानिक मालमत्ता करातून येतो. चांगल्या रेटिंगच्या भागात घरांना मागणी वाढते, किमती चढतात आणि ऐपत असलेलीच कुटुंबं तिथं राहू शकतात. त्यांच्या मुलांमुळे गुण वाढतात, मग रेटिंग आणखी सुधारतं. दुसऱ्या टोकाच्या शाळेत हेच चक्र उलटं फिरतं. टीकेनंतर ‘ग्रेटस्कूल्स’ या प्रसिद्ध संकेतस्थळानं २०२० मध्ये आपल्या सूत्रात प्रगतीला अधिक वजन दिलं.

हे चक्र तोडता येतं का?

न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या ‘डिस्ट्रिक्ट १५’नं तसा प्रयत्न केला. तिथं ११ सरकारी मिडल स्कूल होत्या. गुण, हजेरी अशा चाळण्या लावून प्रवेश दिले जात. त्यामुळे श्वेतवर्णीय आणि सुस्थितीतली मुलं मोजक्या नावाजलेल्या शाळांत एकवटली होती. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या योजनेनं या चाळण्या काढून सोडत आणली. ५२ टक्के जागांवर अल्प उत्पन्न गटातील, इंग्रजी शिकणाऱ्या किंवा बेघर मुलांना प्राधान्य मिळालं. २०१९ पासून प्रवेश बदलले आणि सहावीच्या वर्गांतली विभागणी कमी झाली. इमारती त्याच, शिक्षकही बहुतांश तेच. अशा वेळी एखाद्या शाळेची टक्केवारी खाली-वर झाली, तर ती शिकवण्यामुळे की मुलं बदलल्यामुळे, हे नुसत्या टक्केवारीवरून कळत नाही.

म्हणजे कमी गुण मनावर घ्यायचे नाहीत का?

घ्यायचेच. २०२४ च्या राष्ट्रीय चाचणीत आठवीतली ३३ टक्के मुलं वाचनाच्या मूलभूत पातळीच्याही खाली होती, आजवरचं हे सर्वाधिक प्रमाण. वाचता न येणाऱ्या मुलाचं पुढचं नुकसान खरं आहे, मग त्याचं घर गरीब असो वा श्रीमंत. ‘इथली मुलंच तशी’ ही सबब शाळेला देता येणार नाही.

पालकांनी काय बघावं?

एकूण टक्केवारीआधी प्रगतीचा आकडा बघावा, तोही एका वर्षाचा नव्हे, तर सलग दोन-तीन वर्षांचा, कारण लहान शाळेत तो दरवर्षी हेलकावे खातो. आपल्या मुलासारखी मुलं त्या शाळेत कशी शिकतात, हे गटनिहाय निकालात शोधावं. आणि जमल्यास शाळेत जाऊन वर्ग बघावा. दहापैकी मिळालेल्या एका आकड्यात शेजाऱ्यांचं उत्पन्न बरंच उतरलेलं असतं. शिक्षक वर्गात काय करतात, ते त्यात फारसं दिसत नाही.