व्यायामाचा वर्ग आरोग्य खात्यात घ्या

प्रति,
आयुक्त, सार्वजनिक आरोग्य खाते आणि उद्यान खाते, बृहन्मुंबई महानगरपालिका,
तसेच गिरगाव, दादर, परळ आणि लालबागचे लोकप्रतिनिधी

विषय: वस्तीतला सामूहिक व्यायाम आरोग्यसेवेचा भाग म्हणून चालवण्याबाबत

महोदय/महोदया,


१९२५ साली मुंबईच्या पालिकेने दादरचं मोठं मैदान लोकांसाठी खुलं केलं. दोन वर्षांनी त्याला शिवाजी पार्क हे नाव मिळालं. १९२६ साली त्याच पालिकेचं केईएम रुग्णालय परळला सुरू झालं. माणूस धडधाकट राहावा म्हणून मैदान आणि आजारी पडलाच तर रुग्णालय, ही दोन्ही कामं पालिकेचीच होती आणि आजही आहेत. फक्त मैदान उद्यान खात्याकडे राहिलं, रुग्णालय आरोग्य खात्याकडे गेलं आणि दोघांच्या फायली कधी एका टेबलावर आल्या नाहीत. पहाटे मैदानात घाम गाळणारा माणूस आरोग्य खात्याच्या हिशेबात कुठेच नसतो. तोच माणूस अर्धांगवायूचा झटका येऊन स्ट्रेचरवर आला, की त्याचा केसपेपर निघतो. या दोन टोकांच्या मधली जागा भरा, एवढंच सांगण्यासाठी हे पत्र.

परिस्थिती आपल्याला ठाऊकच आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात दहा कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून जास्त लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. प्रौढांमध्ये तिघांमागे एकापेक्षा जास्त जणांचा रक्तदाब वाढलेला आहे. हे आजार एका रात्रीत येत नाहीत. दहा-पंधरा वर्षं अंगात मुरतात, आणि ती सगळी वर्षं आपल्या यंत्रणेकडून रुग्णाला एकच वाक्य ऐकू येतं: 'जरा चालत जा, व्यायाम करा.' कुठे करायचा, कोणता करायचा, गुडघा दुखत असेल तर काय करायचं आणि शिकवणार कोण, हे कोणी सांगत नाही.

मी परळ-लालबाग भागात संध्याकाळी व्यायामाचा वर्ग घेते. इथली कुटुंबं बहुतेक गिरणी कामगारांची. आजोबांच्या पिढीने पाळीत आठ तास उभं राहून साचे सांभाळले आणि चाळीचे तीन-चार मजले दिवसातून कितीदा तरी चढले-उतरले. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यानंतर गिरण्या गेल्या आणि अंगमेहनतीची ती रोजची सवयही गेली. मुलं-नातवंडं आज खुर्चीत, गाडीच्या स्टिअरिंगमागे किंवा सुरक्षारक्षकाच्या बूथमध्ये दिवस काढतात. पुनर्विकासाने प्रशस्त घर आणि लिफ्ट दिली, ती हवीच होती. पण चाळीचे जिने जो व्यायाम न विचारता करून घेत होते, त्याची भरपाई कोणीच केली नाही. अशा बदलाचं मोल फार पूर्वी मोजलं गेलंय. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या दुमजली बसचे चालक आणि वाहक यांची तुलना करून दाखवलं, की बसून राहणाऱ्या चालकांना हृदयविकार जास्त होतो आणि दिवसभर वरखाली करणाऱ्या वाहकांना कमी.

आमच्या वर्गात यंत्रं नाहीत. मंडळाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत आणि पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या आहेत. नवीन माणूस आला की आधी रक्तदाब बघायचा, मग त्याला खुर्चीत बसवून हात छातीशी दुमडायला सांगायचं आणि ३० सेकंदांत कितीदा पूर्ण उभं राहता येतं ते मोजायचं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या मोजपट्टीनुसार साठ ते चौसष्ट वयाच्या बाईला हे १२ पेक्षा कमी वेळा जमलं, तर पडण्याचा धोका वाढलेला समजतात. पदर खोचून आलेल्या बाया पहिल्या दिवशी हात दुमडतात खऱ्या, पण चौथ्या-पाचव्या उठण्याला हात आपसूक मांडीवर जातो. मांड्यांतली ताकद किती ओसरलीय, ते त्यांना स्वतःलाच तिथे कळतं. काही महिन्यांनी त्याच बाया बाजूच्या नवख्या बाईला सांगत असतात, 'पाय मागे घे गं, मग जोर लागतो.'

वर्गाची खरी ताकद या वाक्यात आहे. एकट्याने ठरवलेला व्यायाम पहिल्या सर्दीला बंद पडतो. वर्गात दोन दिवस दिसला नाहीत तर फोन येतो. पाठ वाकडी झाली तर शिकवणारा हटकतो आणि गुडघेदुखी असेल तर वेगळा प्रकार देतो. बागांमध्ये बसवलेल्या ओपन जिमच्या यंत्रांना हे करता येत नाही. ज्याला आधीपासून गोडी आहे, तोच ती वापरतो. जिला सर्वांत जास्त गरज आहे, ती पन्नाशीची मधुमेही बाई त्यांच्या जवळही फिरकत नाही. यंत्र एकदा विकत घेऊन भागतं, शिक्षकाला दर महिन्याला मानधन द्यावं लागतं. पण गुण येतो तो शिक्षकामुळे.

गुण येतो याला भक्कम पुरावा आहे. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आहार आणि व्यायाम सुधारलेल्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. मेटफॉर्मिनच्या गोळीने घट झाली २६.४ टक्के, म्हणजे व्यायाम-आहार गोळीच्या तोडीस तोड ठरले. वयस्कांच्या पडण्याबद्दलच्या अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेनच्या २०१९ च्या आढाव्यात व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम आणि निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. पासष्टीनंतर त्यात तोल सांभाळण्याचे व्यायामही येतात. नुसतं चालून ताकद आणि तोल ही दोन कामं होत नाहीत, ती कोणीतरी शिकवावी लागतात.

शिकवणाऱ्यांची परंपरा आपल्याकडे आहे. शिवाजी पार्कच्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात पिढ्यान् पिढ्या मुलं-मुली मल्लखांब शिकली. तिथल्या उदय देशपांडे सरांनी दृष्टिहीन मुलींनाही तो शिकवला आणि २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा २०१९ मध्ये याच मैदानावर झाली. आमच्या गल्ल्यांत गुरुपौर्णिमेपासून गोविंदा पथकांचा सराव लागतो. दिवसभर काम करून आलेली पोरं-पोरी रात्री एकत्र जमतात, ताकद कमावतात, एकमेकांचा भार पेलतात. दहीहंडी झाली की हे सगळं वर्षभरासाठी थांबतं आणि पस्तिशी ओलांडलेल्यांसाठी तर कायमचंच. लोक जमवण्याची हातोटी, जागा, शिस्त सगळं वस्तीत आहे. त्याला बारा महिन्यांचा आधार हवाय.

पालिकेने एक पाऊल टाकलेलंही आहे. २०२२ पासूनच्या शिव योग केंद्रांत किमान ३० जणांचा गट जमला की पालिका प्रशिक्षक देते. ही योजना चांगली आहे, तिची चौकट योगाच्या पलीकडे वाढवायला हवी. ब्राझीलच्या रेसिफे शहराने २००२ साली सार्वजनिक जागांवर मोफत सामूहिक व्यायामाचे वर्ग सुरू केले. २०११ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने तसाच कार्यक्रम देशभर नेला आणि प्राथमिक आरोग्यसेवेला जोडला. मुंबईलाही हे जमेल. माझ्या मागण्या अशा:

१. पालिकेच्या 'आपला दवाखाना'च्या डॉक्टरांनी रक्तदाब, मधुमेह आणि गुडघेदुखीच्या रुग्णाला औषधाच्या चिठ्ठीवरच जवळच्या वर्गाचा पत्ता आणि वेळ लिहून द्यावी. औषधं चालूच राहतील. छातीत दुखणाऱ्याला आधी तपासणी, मग वर्ग.

२. प्रशिक्षकांचं मानधन आरोग्याच्या तरतुदीतून द्यावं. मधुमेहाने किंवा रक्तदाबाने मूत्रपिंडं निकामी झालेल्याला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागतं, बहुधा आयुष्यभर. ती वेळ येण्याआधी व्यायामावर केलेला खर्च हा उपचारांवरचाच खर्च आहे.

३. पालिका शाळांची सभागृहं आणि पटांगणं सकाळी शाळेआधी व संध्याकाळनंतर वर्गांना मिळावीत. पावसाळ्यात आणि धुळीच्या हिवाळ्यात छप्पर लागतंच. शिवाजी पार्कच्या लाल मातीची धूळ श्वासात घेत दम्याच्या रुग्णाने व्यायाम करू नये.

४. बायकांसाठी दुपारची वेळ ठेवावी. सकाळी डबे आणि संध्याकाळी स्वयंपाक, यांच्या मधली तीच काय ती बऱ्याच जणींची वेळ.

५. दर तीन महिन्यांनी रक्तदाब, साखर, कमरेचा घेर आणि खुर्चीवरून उठण्याची चाचणी घेऊन विभागवार आकडे जाहीर करावेत. गुण येत नसेल तर तेही लोकांना दिसू द्यावं.

सुरुवात एफ दक्षिण विभागापासून करा. केईएम तिथेच आहे, त्यामुळे मोजमापाला वैद्यकीय शिक्षकांची मदत मिळेल. एक वर्ष प्रामाणिकपणे चालवा आणि आकडे पाहून पुढचे विभाग ठरवा. मंडळं खुर्च्या देतील, व्यायामशाळा शिक्षक देतील आणि माणसं जमवायची जबाबदारी आम्ही घेतो. तहान लागल्यावर विहीर खणण्याची सवय आपल्या आरोग्यव्यवस्थेला फार महाग पडते आहे, आणि ती किंमत सर्वांत आधी दहा बाय बाराच्या खोलीत राहणारं कुटुंब मोजतं. कर्ता माणूस अंथरुणाला खिळला की त्या घरात मुलीचं शिक्षण थांबतं आणि गावाकडची जमीन गहाण पडते. हे टाळण्यासारखं आहे, म्हणूनच ते टाळणं आपलं कर्तव्य आहे. या मागण्यांवर चर्चेसाठी आरोग्य आणि उद्यान या दोन्ही खात्यांची एकत्र बैठक लवकर बोलवावी, ही आग्रहाची विनंती. प्रशिक्षक म्हणून आम्ही तयारीनिशी येऊ.

आपली,
परळची एक व्यायाम प्रशिक्षक