आधी मजुरी मांडा, मग भाव सांगा



पर्युषण झालं की दिवाळीपर्यंत महिलांच्या शिबिरांचा हंगाम असतो. विषय 'गृहउद्योग'. दोन तास चॉकलेट, मेणबत्त्या, फार तर खाकरे. मग फोटो, चहा आणि घरी. यात उद्योग कुठे असतो ते मला अजून सापडलेलं नाही. खाकरा आपल्याला कुणी शिकवायला हवाय का? राहुरीतल्या आपल्या कुठल्याही घरी जा, डब्यात मेथीचा नाहीतर जिऱ्याचा खाकरा असतोच. आपल्याला येत नाही ते त्याची किंमत काढायला, आणि तेच कुणी शिकवत नाही.

ओळखीतली एक सून ऑर्डरी घेते. किलोला २८० रुपये. "शंभर सुटतात, काकी." कागदावर मांडलं. पीठ, तेल, मसाला १३०, गॅस २५, पिशवी आणि लेबल २०. झाले १७५. सुटले १०५. मग विचारलं, वेळ किती? मळणं, लाटणं, दाबून भाजणं, भरणं मिळून चार तास. तासाला पन्नास धरले तरी मजुरी २००, म्हणजे किलोमागे ३७५ खर्च आणि ९५ तोटा. ती म्हणाली, "माझी कसली मजुरी? मी घरचीच ना!"

माझं भांडण या 'घरचीच'शी आहे. दुकानात मुनीमाचा पगार खर्चात पडतो, हमालाची हमाली पडते, आपल्या हातांचं मात्र काहीच पडत नाही. उद्या ऑर्डर वाढली आणि मदतीला बाई ठेवली, तर तिला पैसे कुठून देणार? भावात ते कधी धरलेच नव्हते. मग 'झेपत नाही' म्हणून काम बंद होतं आणि घरात ऐकावं लागतं, "सांगितलं होतं ना, तुला धंदा जमायचा नाही."

लिज्जतचं उदाहरण प्रत्येक शिबिरात देतात, तेही अर्धंच. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायका, उसने ८० रुपये, पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं, इथपर्यंत सगळ्यांना पाठ आहे. पुढचं सांगत नाहीत. ज्यांनी ते ८० रुपये दिले, त्या छगनलाल पारेखांनी पहिल्यापासून दोन गोष्टींचा आग्रह धरला: हिशेब चोख ठेवा, आणि स्वस्तात विकायला हलका माल काढू नका. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपये होती हे आज सांगता येतं, ते कुणीतरी लिहून ठेवलं म्हणूनच. आणि तिथे पापड लाटणाऱ्या बहिणीला किलोवर लाटणावळ मिळते. मालकीणही तीच, तरी मजुरी वेगळी.

आपण व्यापारी समाज म्हणवतो. लक्ष्मीपूजनाला चोपडीवर कुंकवाचा स्वस्तिक काढायला सुनेला बोलावतात. त्या चोपडीत काय लिहिलंय ते तिने विचारलं तर सगळे तिच्याकडे बघतात. बी.कॉम. झालेल्या कितीतरी जणी आपल्यात आहेत. नावे-जमा आपल्याला कळत नाही असं कुणी म्हणू नये.

दुसरी पळवाट, "एवढ्याशासाठी सरकारी कागद कशाला?" खाण्याचं विकायचं तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. लहान उत्पादकाला तिची फी वर्षाला १०० रुपये. उद्यम नोंदणी फुकट आहे. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्याला हात जोडा. पाकिटावर घटक, वजन, तारीख, हिरवी खूण हवी. प्रतिक्रमणात तिसऱ्या व्रताचे अतिचार आपण म्हणतो ना? खोटं माप, भेसळ आणि राज्याच्या नियमाविरुद्ध वागणं, तिन्ही त्यात आहेत. ते घरच्या मालालाही लागू आहेत. खाकरा नक्की किती दिवस टिकतो हे अंदाजाने छापू नका. आपल्याच तालुक्यात कृषी विद्यापीठ आहे, तिथे अन्नशास्त्राचा विभाग आहे. जाऊन विचारा.

आणि बँकेत खातं स्वतःच्या नावाचं काढा. विक्रीचे पैसे मुलाच्या फोनवर आले की ते दुधात, भाजीत, पेट्रोलमध्ये जातात आणि महिनाअखेर कुणालाच काही सांगता येत नाही.

राहिला प्रश्न नणंदेचा आणि मावससासूचा. "घरचं म्हणून कमी लाव" असं त्या म्हणणारच. कमी लावू नका. द्यायचं तर पाव किलो प्रेमाने तसंच द्या आणि वहीत 'भेट' म्हणून लिहा. विकत घेतील तेव्हा भाव जगाला तोच त्यांना.