निद्रा, जाग आणि स्पंदांचा हिशेब

निद्रिस्त संगणक जागा केला की अर्धवट राहिलेले काम जसेच्या तसे समोर येते. हे केवळ स्मृतीचे कार्य आहे, असा सर्वसाधारण समज आहे. तो अपुरा होय. मुख्य स्मृतीला वीज मिळत राहते. परंतु अनेक उपांगांची वीज तुटते आणि त्यांतील नोंदी पुसल्या जातात.

प्रत्येक उपांगाला ताल देणारे विद्युत्स्पंदन म्हणजे क्लॉक. लिनक्सच्या कर्नलमध्ये २०१२ साली क्लॉकसाठी सामाईक व्यवस्था आली. एकच क्लॉक अनेक ड्रायव्हर वापरतात. म्हणून ही व्यवस्था मागणाऱ्यांची संख्या मोजते व ती शून्य झाल्यावरच क्लॉक थांबविते. रिकामपणी क्लॉक सोडलेल्या ड्रायव्हरने निद्रेपूर्वी तो पुन्हा सोडला, तर हा हिशेब बिघडतो. सोडावयाचे विसरल्यास निद्रेतही बॅटरी झिजते. जागे होताना क्लॉक सुरू करण्यापूर्वीच उपांगाला हात घातला, तर काही यंत्रे जागच्या जागी गोठतात आणि न साठविलेले काम नष्ट होते.

हा सारा भार सामाईक व्यवस्थेनेच वाहावा, असे कोणी म्हणेल. तथापि उपांगाला केव्हा कोणती गती हवी, हे त्याच्या ड्रायव्हरलाच ठाऊक असते. म्हणून त्याने गतीची नोंद स्वतः ठेवावी, जागे होताच ती पुन्हा बसवावी आणि क्लॉक खरोखर सुरू झाला की नाही, हे तपासावे. ज्याने दिवा मालवला त्यानेच तो लावावा; आणि उजेड पडल्यावाचून पाऊल टाकू नये.