भावना दुखावल्या की लगेच गुन्हा? कायदा तसं म्हणत नाही

इन्स्टाग्रामची स्टोरी २४ तासांत गायब होते. तिचा स्क्रीनशॉट मात्र वर्षानुवर्षं फिरत राहतो. रात्री कुणीतरी स्टेटस ठेवतं, त्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर पडतो, सकाळी पोलीस ठाण्याबाहेर गर्दी जमते आणि दुपारपर्यंत बातमी येते, ‘धार्मिक भावना दुखावल्याप्रकरणी गुन्हा दाखल’. हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडलंय की, भावना दुखावणं हाच गुन्हा आहे, असं अनेकांना वाटू लागलंय.

कायद्याच्या पुस्तकात मात्र वेगळंच लिहिलंय. तो फरक समजून न घेतल्याची किंमत पोस्ट करणारा मोजतो, आणि कधी कधी ज्याचा त्या पोस्टशी काहीच संबंध नाही असा शेजारीही.

सुरुवात पालघरपासून

नोव्हेंबर २०१२. बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद होती. पालघरमधल्या एका तरुणीने या बंदबद्दल प्रश्न विचारणारी फेसबुक पोस्ट लिहिली. तिच्या मैत्रिणीने ती लाइक केली. दोघींना अटक झाली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली.

पोस्टमध्ये ना देव होता, ना धर्म. तरीही सुरुवातीला जी कलमं लावल्याचं समोर आलं, त्यात धार्मिक भावनांशी संबंधित कलम २९५-अ सुद्धा होतं. पुढे ते बदललं, पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाई झाली, प्रकरण बंद झालं. याच अटकेनंतर श्रेया सिंघल या विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ रद्द झालं.

६६-अ गेलं. २९५-अ राहिलं.

कलम नेमकं काय सांगतं?

भारतात ‘ईशनिंदा’ नावाचा वेगळा कायदा नाही. त्याच्या जवळ जाणारं कलम म्हणजे भारतीय दंड संहितेचं २९५-अ. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हे कलम २९९ क्रमांकाने तिथे आलं. शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. एक भर मात्र पडली. बोललेले किंवा लिहिलेले शब्द, खुणा, चित्रं यांच्या जोडीला ‘इलेक्ट्रॉनिक माध्यम’ हा उल्लेख आला. म्हणजे तुमचा फोन आता थेट कलमात आहे.

गुन्हा सिद्ध व्हायचा तर दोन गोष्टी लागतात:

- एखाद्या नागरिक समूहाच्या धर्माचा किंवा धार्मिक श्रद्धेचा अपमान, किंवा तसा प्रयत्न.
- तो जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने, त्यांच्या भावना भडकवण्यासाठी केलेला असणं.

सगळा भार दुसऱ्या अटीवर आहे. ‘मला वाईट वाटलं’ एवढ्याने काम भागत नाही. लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं, हे दाखवावं लागतं.

हे कलम आलं कुठून?

लाहोरमधून. १९२० च्या दशकात तिथे पैगंबरांवर टीका करणारी एक पुस्तिका निघाली. प्रकाशक राजपाल यांच्यावर कलम १५३-अ खाली खटला चालला. १९२७ मध्ये लाहोर उच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. दिवंगत धर्मपुरुषावरील टीका या कलमात बसत नाही, असा त्या निकालाचा आशय होता. त्यावरून वातावरण तापलं आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने २९५-अ आणलं.

तेव्हाच्या चर्चेत मोहम्मद अली जिना यांनी एक इशारा दिला होता. ऐतिहासिक लेखन करणारे, सत्य शोधणारे आणि धर्मावर प्रामाणिक टीका करणारे यांना संरक्षण मिळालंच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं होतं. ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ या शब्दांचं महत्त्व तिथेच आहे. प्रामाणिक टीकाकार सुटावा, यासाठीच ती चाळणी.

पण राजपाल यांचं काय झालं? कायदा आल्यानंतर दोन वर्षांनी, एप्रिल १९२९ मध्ये, त्यांची हत्या झाली. ज्या रागाला शांत करण्यासाठी कलम आणलं, तो राग कलमाने शांत झाला नाही.

न्यायालयांनी काय म्हटलं?

१९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनात्मक ठरवलं, पण मर्यादा आखून. धर्माचा प्रत्येक अपमान गुन्हा नाही. मुद्दाम, दुष्ट हेतूने केलेला अपमानाचा गंभीर प्रकार तेवढाच गुन्हा.

दुसरं उदाहरण क्रिकेटवाल्यांना आठवत असेल. २०१३ मध्ये एका मासिकाच्या मुखपृष्ठावर महेंद्रसिंह धोनी विष्णूच्या रूपात दिसला. हातात जाहिरातींच्या वस्तू, त्यात बूटही. खटला उभा राहिला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. अजाणतेपणी किंवा निष्काळजीपणाने, दुष्ट हेतूशिवाय झालेला अपमान या कलमात बसत नाही, हे न्यायालयाने पुन्हा सांगितलं.

आणि शब्द जोखायचे कुणाच्या नजरेने? याचं उत्तर नागपूरचं आहे. १९४६ मध्ये नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी कसोटी घालून दिली. समंजस, खंबीर, धीट माणसावर शब्दांचा काय परिणाम होईल ते पाहा. प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या डळमळीत मनाला प्रमाण धरू नका. दूरदर्शनवरील ‘तमस’ मालिका थांबवण्याची मागणी १९८८ मध्ये फेटाळताना सर्वोच्च न्यायालयाने हीच कसोटी वापरली. मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा गुन्हा रद्द करताना ती पुन्हा पुढे आली. तो गुन्हा एक्सवरच्या व्हिडिओत मागे वाजणाऱ्या कवितेवरून दाखल झाला होता आणि त्यात कलम २९९ सुद्धा होतं.

मग अडतं कुठे?

अडतं ते निकालाच्या आधीच्या टप्प्यात. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे वॉरंटशिवाय अटक होऊ शकते आणि जामीन हक्काने मिळत नाही. सरकारच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यायालय या गुन्ह्याची दखल घेऊ शकत नाही, ही तरतूद आहे. पण ही परवानगी लागते खटला सुरू होताना. अटक करताना लागत नाही. चाळणी आहे, पण ती बंब विझल्यावर पाणी गाळण्यासाठी ठेवल्यासारखी.

याचा परिणाम काय होतो?

- स्टँडअप कॉमेडियन मुनव्वर फारुकी १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमध्ये पकडला गेला. सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला ५ फेब्रुवारीला. विनोदाबद्दल महिनाभराहून अधिक कोठडी, खटला सुरू होण्याआधीच.
- पत्रकार मोहम्मद झुबेर यांना जून २०२२ मध्ये अटक झाली, ती २०१८ च्या ट्विटवरून. ट्विटमधलं दृश्य होतं हृषीकेश मुखर्जींच्या १९८३ च्या चित्रपटातलं, जो सेन्सॉर बोर्डाने कधीच पास केला होता. उत्तर प्रदेशातही वेगवेगळे गुन्हे दाखल झाले. २० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला आणि ते गुन्हे दिल्लीकडे सोपवले.
- मे २०२५ मध्ये पुण्यात कायदा शिकणाऱ्या एका तरुणीला कोलकाता पोलिसांनी गुरुग्राममधून पकडलं. तिच्या व्हिडिओची भाषा अनेकांना खटकणारी होती. मात्र तिने तो काढून टाकला होता, माफीही मागितली होती. जूनच्या पहिल्या आठवड्यात कलकत्ता उच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला.

तिघांचे विचार वेगळे, राज्यं वेगळी, तिथली सरकारंही वेगवेगळ्या पक्षांची. पद्धत मात्र एकच. हेतूचा प्रश्न विचारला जाण्याआधीच तुरुंगवास भोगून झालेला असतो.

मोबाइलने काय बदललं?

१९२७ मध्ये पुस्तिका विकत घ्यावी लागे, वाचावी लागे. आज स्क्रीनशॉट पुरतो. त्यात आधीचं वाक्य नसतं, तारीख कापलेली असते, ज्या कमेंटला उत्तर दिलं ती दिसत नाही, उपरोध तर पहिल्या फॉरवर्डलाच गळून पडतो. आणि कलमाला जो हेतू तपासायचा आहे, तो कळतो याच संदर्भातून.

दुसरं म्हणजे, ज्यावर लोक रागाने तुटून पडतात ती पोस्ट अल्गोरिदम आणखी लोकांपुढे नेतो. निषेधाची कमेंट असो की कौतुकाची, मशीनच्या हिशेबी दोन्ही सारख्याच. दोनशे फॉलोअर असलेल्या माणसाची पोस्ट लाखभर लोकांपर्यंत पोहोचते, ती बहुतेक वेळा ‘हे बघा काय लिहिलंय’ म्हणून पुढे ढकलणाऱ्यांमुळे. भावना दुखावण्यात त्यांचा वाटा मोठा असतो. गुन्ह्यात सहसा त्यांचं नाव नसतं.

तिसरं, हद्द. पोस्ट देशभर दिसते, त्यामुळे तक्रारही कुठल्याही ठाण्यात होऊ शकते. सांगलीच्या मुलाला बिहारमध्ये हजर राहावं लागलं, तर रेल्वेचं तिकीट, वकिलाची फी आणि बुडालेला पगार हीच शिक्षा.

पण कायदा ढिला केला तर दंगली होतील?

हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. महाराष्ट्राने त्याची झळ सोसली आहे. जून २०२२ मध्ये अमरावतीत एका औषध विक्रेत्याची हत्या झाली. राष्ट्रीय तपास संस्थेने ती त्याच्या व्हॉट्सअॅप पोस्टशी जोडली. जून २०२३ मध्ये आक्षेपार्ह स्टेटसवरून कोल्हापूर पेटलं, इंटरनेट बंद करावं लागलं. त्याच सप्टेंबरमध्ये साताऱ्याच्या पुसेसावळीत समाजमाध्यमावरच्या मजकुरावरून जमाव चालून गेला आणि एकाचा जीव गेला.

पण या तिन्ही वेळी २९५-अ अस्तित्वात होतंच. त्याने ना अमरावतीचा खून थांबला, ना पुसेसावळीचा जमाव. उलट ‘आमच्या भावना दुखावल्या’ एवढं म्हटल्यावर राज्ययंत्रणा हलते, हे एकदा दिसलं की गर्दी जमवण्याला मोल येतं. ज्याची गर्दी मोठी, त्याच्या भावना नाजूक. ज्याच्या मागे कुणी नाही, त्याच्या भावनांची तक्रारही कुणी लिहून घेत नाही.

कायदा कडक करत नेला तर काय होतं, हे शेजारी दिसतं. पाकिस्तानकडे वारशाने हेच २९५-अ गेलं. १९८० च्या दशकात झिया उल हक यांच्या काळात त्यात २९५-ब आणि २९५-क जोडलं गेलं, जन्मठेप आणि मृत्युदंडासह. तरीही एप्रिल २०१७ मध्ये मर्दानच्या विद्यापीठात एका विद्यार्थ्याला ऑनलाइन ईशनिंदेच्या अफवेवरून जमावाने ठार मारलं. तपासात ईशनिंदेचा पुरावा सापडलाच नाही. कडक कायद्याने जमावाला शिस्त लागली नाही, त्याला निमित्त मिळालं. ज्या इंग्लंडमधून राज्यकर्ते आले होते, तिथे ईशनिंदेचा गुन्हा २००८ मध्ये रद्द झाला.

मग करायचं काय?

कलम उद्या रद्द होईल, अशी चिन्हं नाहीत. पण त्याचं दार नीट बसवता येईल.

- आधी चौकशी, मग गुन्हा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. अभिव्यक्तीशी संबंधित तक्रारीत ती करणं योग्य, असं प्रतापगढी निकाल सांगतो. राज्याच्या पोलिसांनी ती सवय करावी.
- परवानगी अटकेआधी. खटल्यासाठी सरकारची मंजुरी लागते, तर अटकेसाठीही वरिष्ठ अधिकाऱ्याचं लेखी कारण असावं.
- एक पोस्ट, एक गुन्हा, एक ठाणं. दहा राज्यांत दहा गुन्हे नकोत.
- चिथावणीवर बोट. ‘अमक्यांना मारा, त्यांची दुकानं जाळा’ म्हणणाऱ्यांसाठी वेगळी कलमं आहेत. पोलिसांची ताकद तिथे लागावी. श्रद्धेची थट्टा आणि माणसांविरुद्धची चिथावणी यांत जीव जाण्याइतका फरक आहे.

आणि तुमच्या फोनपुरतं?

खटकणारी पोस्ट दिसली तर तिचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकू नका, निषेध म्हणूनही नको. लिंक घ्या, प्लॅटफॉर्मवर रिपोर्ट करा, गरज वाटली तर सायबर पोलिसांना द्या. तुमच्याच पोस्टवर तक्रार झाली आणि पोलिसांची नोटीस आली, तर घाबरून फोन बंद करू नका. वकिलाला घेऊन हजर राहा आणि मूळ पोस्ट, तारीख, कमेंटची साखळी जपून ठेवा. हेतू दाखवायला तेवढंच हाताशी असतं.

‘भावना दुखावल्या’ हे वाक्य पुन्हा वाचाल तेव्हा पुढचा प्रश्नही विचारा. लिहिणाऱ्याचा हेतू काय होता, आणि तो कुणी तपासला? १९२७ मध्ये कायदा करणाऱ्यांना हाच प्रश्न महत्त्वाचा वाटला होता. आज तो विचारायला बहुतेकांना वेळ नाही, कारण तोवर फॉरवर्डचं बटण दाबून झालेलं असतं.